रुजत्या बियांचे श्वसन : मोजमाप आणि त्याचा अर्थ

हरभऱ्याचा कोरडा दाणा डब्यात वर्षभर पडून राहिला तरी भोवतीच्या हवेत साध्या उपकरणाला जाणवेल असा फरक पडत नाही. तोच दाणा भिजला की काही तासांत ऑक्सिजन शोषू लागतो, कार्बन डायऑक्साइड सोडू लागतो आणि किंचित तापतोही. पेशीश्वसनाचे मोजमाप शिकायचे तर रुजणाऱ्या बीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. हिरव्या पानाचे श्वसन मोजताना प्रकाशसंश्लेषण आड येते, प्राण्याचे मोजताना त्याची हालचाल. बी मात्र अंधारात निमूट बसते आणि स्वतःजवळची शिदोरी खात वाढते.

मोजणीचा इतिहास जुना आहे. जिनेव्हाच्या निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रुजणाऱ्या बियांनी घेतलेल्या आणि सोडलेल्या वायूंच्या मोजण्या दिल्या आहेत. विसाव्या शतकात ओटो वारबुर्ग यांनी वायुदाबमापकाचे तंत्र इतके सुधारले की चिमूटभर ऊतीचे श्वसनही मोजता येऊ लागले. श्वसनाच्या विकरावरील संशोधनासाठी त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत मोड आलेले हरभरे किंवा मटकी घेऊन जो प्रयोग होतो, तो याच परंपरेतला आहे.

या प्रयोगात वायूचे आकारमान वाचणे हे सर्वांत सोपे काम. खरी कसोटी त्यानंतर लागते. वाचलेल्या आकड्यातून काय वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याला कशाने भागायचे, ही ती कसोटी. श्वसनमापनातल्या बहुतेक चुका या वजाबाकीत आणि भागाकारात होतात, यंत्रात क्वचितच.

उपकरण आणि त्यातली एक छुपी चूक

तत्त्व साधे आहे. ग्लुकोजचा एक रेणू पूर्णपणे जळताना ऑक्सिजनचे सहा रेणू खर्च होतात आणि कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू बाहेर पडतात. समान तापमानाला आणि दाबाला वायूंच्या समान रेणूंना समान जागा लागते. त्यामुळे बंद पात्रात बिया श्वसन करत राहिल्या तरी एकूण आकारमान बदलत नाही आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पात्रात पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची लहान नळी टांगतात. ते कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे कार्बोनेट करते. मग आकारमानात जी घट दिसेल ती फक्त खर्च झालेल्या ऑक्सिजनची. द्रावणात गाळणकागदाची घडी उभी ठेवली तर शोषण्याचा पृष्ठभाग वाढतो. शोषण मंद असले तर सोडलेला वायू पात्रातच साचतो आणि ऑक्सिजनचा खप आहे त्यापेक्षा कमी दिसतो. द्रावणाचा थेंबही बियांवर पडता कामा नये, कारण ते दाहक असते. शाळेत त्याऐवजी सोडा लाइमचे खडे वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते.

आपल्याकडच्या नेहमीच्या मांडणीत शंकुपात्राच्या बुचातून काढलेल्या वाकड्या नळीचे दुसरे टोक रंगीत पाण्यात बुडवलेले असते. पाणी नळीत चढते, विद्यार्थी उंची मोजतो आणि नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून ऑक्सिजनचे आकारमान काढतो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि चूक किरकोळ नाही. समजा, पात्रात २०० मिलि हवा आहे, नळीचा आतला व्यास ५ मिमी आहे आणि पाणी १० सेंमी चढले. नळीत शिरलेले पाणी भरते सुमारे २ मिलि. पण १० सेंमीचा पाण्याचा स्तंभ उचलून धरायचा तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळजवळ एक टक्क्याने कमी असावा लागतो, आणि दाब एक टक्क्याने घटला की उरलेली हवा सुमारे २ मिलि फुगते. म्हणजे प्रत्यक्षात खर्च झाला जवळपास ४ मिलि ऑक्सिजन, आणि वहीत लिहिला गेला २ मिलि.

यावर उपाय स्वस्त आहे. नळी आडवी ठेवावी, बारीक केशनळी घ्यावी आणि तिच्यात रंगीत द्रवाचा एक थेंब सोडावा. थेंब आडवा सरकतो, त्याला कोणताही स्तंभ उचलावा लागत नाही आणि आतला दाब बाहेरच्या दाबाइतकाच राहतो. उभीच नळी वापरायची असेल तर दाबाची दुरुस्ती हिशेबात धरली पाहिजे. तीही न करता फक्त ‘पाणी चढले, म्हणून श्वसन झाले’ एवढे सिद्ध करून थांबणार असू, तर त्याला दर्शन म्हणावे, मापन म्हणू नये.

काय वजा करायचे

बंद पात्रातली हवा तापमापकासारखीही वागते आणि वायुभारमापकासारखीही. सत्तावीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान एका अंशाने वाढले तर कोरड्या हवेचे आकारमान तीनशेव्या भागाने वाढते. दोनशे मिलि हवेसाठी ही वाढ पाऊण मिलिच्या थोडी आत असते. पण पात्रातली हवा कोरडी नसते. ओल्या बियांमुळे ती बाष्पाने संपृक्त असते आणि तापमानाबरोबर बाष्पदाबही चढतो. तो धरला तर एका अंशाने होणारी वाढ जवळजवळ १.१ मिलिवर जाते. बाष्पाची ही भर बहुतेक पुस्तकी हिशेबांत सुटते. तासाभरात बियांनी दोन मिलि ऑक्सिजन घेतला आणि दरम्यान खोली एका अंशाने तापली, तर निम्म्याहून अधिक श्वसन गायब झालेले दिसेल. पात्र हातात धरून पाहिले तरी हेच घडते.

बाहेरच्या हवेचा दाबही स्थिर नसतो. उष्ण कटिबंधात तो रोज नियमाने दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो उच्च असतो आणि दुपारी चारच्या सुमारास नीचतम. महाराष्ट्रात या दोन वेळांतला फरक साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कल असतो. दोनशे मिलि हवेला त्यामुळे पाऊण मिलिच्या आसपास फुगवटा येतो. सकाळी मांडून दुपारपर्यंत चालवलेल्या प्रयोगात ही चूक नेहमी एकाच दिशेची असते, म्हणजे श्वसन कमी दाखवणारी. दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढली तरी ती जात नाही.

म्हणून काचेच्या मण्यांचे पात्र लागते. बियांइतक्याच आकारमानाचे मणी, तेवढाच ओला कापूस, तसेच बूच, तशीच केशनळी, तेवढेच पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि दोन्ही पात्रे पाण्याच्या एकाच टबात. मण्यांच्या पात्रातला थेंब जितका आणि ज्या दिशेला सरकेल तितके बियांच्या पात्राच्या वाचनातून वजा करायचे. मण्यांचे आकारमान बियांइतके हवे, कारण दोन्ही पात्रांत हवा सारखी उरली तरच दुरुस्ती सारखी लागू पडते. हे आकारमान मोजपात्रातल्या पाण्यात बिया बुडवून, किती पाणी चढले ते पाहून काढतात. वेळ वाचवण्यासाठी हेच पात्र गाळले जाते, हे मला फार खटकते. माझ्या दृष्टीने प्रयोगाचे निम्मे शास्त्र त्या मण्यांच्या पात्रात आहे.

आणखी एक वजाबाकी सूक्ष्मजीवांची. बियांच्या सालीवर जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू असतातच, आणि भिजवलेल्या बियांमधून झिरपणारी साखर त्यांना आयतीच मिळते. थर्मास फ्लास्कमध्ये रुजणाऱ्या बियांची उष्णता दाखवताना तुलनेसाठी उकडलेल्या बिया ठेवतात. त्या निर्जंतुक केल्या नाहीत तर दोन दिवसांत त्यांच्यावर जिवाणू माजतात आणि मेलेल्या बियांचा फ्लास्क तापू लागतो. सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बिया काही मिनिटे बुडवून, स्वच्छ पाण्याने अनेकदा धुऊन घेतल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो.

कशाने भागायचे

समजा, वजाबाकी नीट झाली आणि आकडा आला तासाला २ मिलि. हा आकडा कोणाचा? ‘दर ग्रॅमला’ म्हणावे तर ग्रॅम कोणता? हरभरा भिजून साधारण दुप्पट वजनाचा होतो. ओल्या वजनाने भागले तर कोरड्या वजनाच्या मानाने श्वसन निम्मे दिसते, आणि हा फरक निव्वळ पाण्याचा असतो. मोड लांबत जातात तसे पाण्याचे प्रमाण आणखी वाढते. त्यामुळे श्वसन खरोखर वाढत असूनही दर ओल्या ग्रॅमचा आकडा खाली येऊ शकतो. कोरड्या वजनाने भागावे तर तेही घटत असते, कारण श्वसनात बीचेच द्रव्य जळते. अंधारात रुजवलेली बी फुगते, लांबते, वजनदार होते, पण भट्टीत सुकवून तोलली तर मुळापेक्षा हलकी भरते.

माझी पसंती दर बीमागे, किंवा भिजवण्यापूर्वीच्या कोरड्या वजनामागे दर देण्याला आहे. दोन्ही छेद प्रयोगभर स्थिर राहतात. छेद कोणताही घेतला तरी तो सांगितला पाहिजे. छेदाविना दिलेल्या दराची तुलना कशाशीच होत नाही.

आकारमानाचे रूपांतरही याच हिशेबातले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. मुंबईत तो हजारावर असतो. सत्तावीस अंशांना बाष्पाचा दाब साधारण ३६ हेक्टोपास्कल. तो वजा करून प्रमाण तापमान व दाबाला आणले तर पुण्यातले २ मिलि होतात १.६४ मिलि आणि मुंबईतले २ मिलि सुमारे १.७५ मिलि. एकाच पोत्यातले हरभरे घेऊन दोन शहरांतल्या विद्यार्थ्यांनी एकच वाचन लिहिले, तरी ऑक्सिजनच्या रेणूंत सहा-सात टक्क्यांचा फरक राहतो. म्हणून वायू मिलिमध्ये वाचावा आणि मायक्रोमोलमध्ये लिहावा. पुण्यातले ते २ मिलि म्हणजे ७३ मायक्रोमोल.

श्वसन गुणांक : काय जळते आहे

आता तिसरे पात्र घ्यायचे, बियांचेच, पण पोटॅशियम हायड्रॉक्साइडविना. पहिल्यात दिसते ऑक्सिजनची घट. तिसऱ्यात दिसतो घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांतला फरक. दोन्हींवरून सोडलेला वायू कळतो आणि त्याला घेतलेल्या ऑक्सिजनने भागले की श्वसन गुणांक मिळतो. पहिल्या पात्रात २ मिलि घट आणि तिसऱ्यात काहीच बदल नाही, तर गुणांक १, म्हणजे कर्बोदके जळत आहेत. तिसऱ्यात ०.६ मिलि घट असेल तर सोडलेला वायू १.४ मिलि आणि गुणांक ०.७, म्हणजे स्निग्ध पदार्थ. स्निग्ध पदार्थांच्या रेणूत ऑक्सिजन आधीच कमी असतो, म्हणून त्यांना जाळायला बाहेरून अधिक लागतो.

हरभरा, मटकी, गहू यांसाठी गुणांक १ च्या आसपास अपेक्षित धरतात. सुरुवातीच्या तासांत या बिया स्टार्चला हात लावत नाहीत. आधी सुक्रोज आणि रॅफिनोज, स्टॅकियोज या शर्करा वापरल्या जातात. कडधान्य खाल्ल्यावर पोटात वायू धरतो तो मुख्यतः याच शर्करांमुळे, आणि मोड आणल्यावर तो त्रास कमी होतो कारण बीनेच त्या जाळून टाकलेल्या असतात.

शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल, एरंडीतही तसेच. तेव्हा त्यांचा गुणांक ०.७ यावा असे वाटते. प्रत्यक्षात रुजण्याच्या मधल्या काळात तो त्याहूनही बराच खाली जातो. निव्वळ ज्वलनाने याचा उलगडा होत नाही. उत्तर १९५७ साली मिळाले. हान्स कॉर्नबर्ग आणि हान्स क्रेब्स यांनी सूक्ष्मजीवांत ग्लायोक्सिलेट चक्र दाखवले आणि त्याच वर्षी कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांनी ते एरंडीत असल्याचे पुरावे मांडले. या मार्गाने तेलाची साखर बनते. मेदाम्लांतल्या दर चार कार्बन अणूंपैकी तीन साखरेत जातात आणि एकच कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो. मेदाम्ले तोडताना ऑक्सिजन मात्र खर्च होतोच. घेणे चालू आणि देणे थोडे, म्हणून गुणांक घसरतो. हे काम ज्या सूक्ष्म अंगकांत चालते ती ग्लायोक्सिसोम १९६७ साली बीव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत एरंडीतूनच वेगळी काढली गेली. तीन काचपात्रांच्या प्रयोगातून पेशीतल्या एवढ्या आतल्या घडामोडीचा माग लागतो, हे मला या विषयातले सर्वांत मोठे वैभव वाटते.

काळ आणि साल

एका तासाचे वाचन घेऊन त्यावरून दिवसाचा दर काढणे धोक्याचे आहे. वाटाण्यात ही गोष्ट नीट अभ्यासली गेली आहे. भिजत घातल्यावर पहिले आठ-दहा तास ऑक्सिजनचा खप झपाट्याने चढतो. कोरड्या दाण्यात तंतुकणिका असतातच आणि पाणी मिळताच त्यांची डागडुजी होऊन त्या कामाला लागतात. मग काही तास आलेख जवळजवळ सपाट राहतो. त्यानंतर आदिमूळ साल फोडून बाहेर येते आणि खप पुन्हा चढतो.

मधली सपाटी मुख्यतः सालीमुळे येते. पाण्याने भरलेली साल ऑक्सिजनला आत येऊ देत नाही, कारण पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद पसरतो. आतल्या पेशींची गरज वाढलेली असते, पुरवठा अडलेला असतो, तेव्हा त्या काही अंशी किण्वनावर जातात आणि दाण्यात इथेनॉल साचते. किण्वनात ऑक्सिजन न घेता कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यामुळे वाटाण्याचा गुणांक या काळात १ च्या बराच वर जातो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो उपकरण गळत असल्याचा संशय घेतो. वालाच्या डाळिंब्या सोलतो तशी भिजलेल्या वाटाण्याची साल हलकेच काढली तर ही सपाटी आखडते. हा ताळा करून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी फक्त एक जास्तीचे पात्र लागते.

अगदी सुरुवातीचा अर्धा तास मोजणीतून सोडून द्यावा. कोरड्या बीच्या पोकळ्यांत आणि पृष्ठभागांवर धरलेली हवा पाणी शिरताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. मेलेल्या बियांतूनही ती पडते. तिचा श्वसनाशी संबंध नाही.

इतर पद्धती, थोडक्यात

बियांवरून हवेचा संथ प्रवाह नेऊन तो बेरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून सोडायचा आणि उरलेला अल्क आम्लाने अनुमापन करून काढायचा, ही पेटेनकोफर यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी रीत आजही उपयुक्त आहे. दशांश नॉर्मल अल्काचा १ मिलि म्हणजे २.२ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हवा वाहती असल्याने बिया गुदमरत नाहीत, हा तिचा मोठा फायदा. अवरक्त किरणांच्या शोषणावरून कार्बन डायऑक्साइड मोजणारे संवेदक आता स्वस्त झाले आहेत. त्यांच्यात मिनिटामिनिटाचा आलेख मिळतो, पण ऑक्सिजनची बाजू कळत नाही आणि गुणांक काढता येत नाही. क्लार्क यांचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड द्रवात काम करतो. अखंड बी त्यात टाकली तर प्रसरणाचा तोच अडथळा मोजला जातो, म्हणून तो पातळ कापांसाठी किंवा वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांसाठी राखावा.

आकडा काय सांगत नाही

ऑक्सिजन किती खपला यावरून बीला ऊर्जा किती मिळाली हे ठरत नाही. रुजणाऱ्या हरभऱ्यात सायनाइडला न जुमानणारा श्वसनमार्ग उघडतो, हे १९७० च्या दशकातच दाखवले गेले आहे. या पर्यायी मार्गाने इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचतात, पण वाटेत एटीपी फारच थोडे बनते आणि बाकीची ऊर्जा उष्णतेत जाते. केशनळीतल्या थेंबाला हे दोन मार्ग वेगळे ओळखता येत नाहीत.

बियाण्याच्या जोमाचा प्रश्नही असाच. वुडस्टॉक आणि ग्रेब यांनी १९६७ साली मक्यात दाखवले की भिजण्याच्या काळातले श्वसन आणि पुढची रोपाची वाढ यांचा संबंध लागतो. त्यावरून श्वसन मोजून बियाणे पारखावे ही कल्पना मोहक वाटते, आणि महाराष्ट्रात तिची निकड कोणाला सांगायला नको. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून सोयाबीन उगवले नाही अशा हजारो तक्रारी आल्या. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, आणि गोणपाटावर शंभर दाणे मांडून ती तपासायला आठवडाभर जातो. तासा-दोन तासांत उत्तर मिळाले तर शेतकऱ्याला पेरणीआधी निर्णय घेता येईल.

पण सोयाबीनची साल पातळ असते, आदिमूळ सालीलगत असते आणि मळणीत दाण्याला मार लागतो. मार लागलेल्या ऊतीचे श्वसन काही काळ वाढते, कमी होत नाही. त्यामुळे तडकलेल्या दाण्यांचा लॉट श्वसनमापकात जोमदार भासू शकतो. त्यातून पात्रातला आकडा पन्नास-शंभर दाण्यांची बेरीज असतो. त्यांतले किती मेलेले आणि किती अतिश्वसन करणारे, हे बेरजेतून सुटे होत नाही. शिवाय दाण्याचे बहुतेक वजन दलांचे असते. कोंब मेला आणि दले जिवंत राहिली तरी श्वसन भरपूर दिसेल, रोप मात्र येणार नाही.

म्हणून बियाणे तपासणी प्रयोगशाळांत टेट्राझोलियम चाचणी रुजली. ती जर्मनीत गेऑर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात विकसित केली. भिजलेला दाणा टेट्राझोलियम क्षाराच्या रंगहीन द्रावणात ठेवतात. जिवंत पेशींतली डिहायड्रोजिनेज विकरे श्वसनाच्या ओघात जो हायड्रोजन मोकळा करतात, त्याने या क्षाराचे लाल, न विरघळणारे फॉर्माझान बनते आणि ते जिथे बनले तिथेच राहते. इथे वायू मोजावा लागत नाही आणि प्रत्येक दाणा वेगळा वाचता येतो. निरोगी ऊतीवर सारखा लाल रंग चढतो, मेलेली पांढरी राहते आणि मार लागलेली ऊती गडद लाल दिसते. तपासनीस मग रंग कुठे आहे ते पाहतो. दलांच्या कडेला पांढरा ठिपका असलेला दाणा तो उगवणाऱ्यांत धरतो. आदिमुळाचा बराचसा भाग किंवा कोंब आणि दले यांचा सांधा पांढरा असेल तर बाकी दाणा कितीही लाल असला तरी तो बाद करतो.